अमेरिकेतील वर्गणीची डॉक्टरकी आणि नव्या डॉक्टरांपुढील वाटा

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी माझ्या पुतणीचा अमेरिकेहून फोन आला. ती आमच्या घराण्यातील पहिली डॉक्टर. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होऊन, तिकडच्या परीक्षा देऊन, ती सध्या एका मध्यम आकाराच्या शहरात इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करीत आहे. रेसिडेन्सीचे हे तिसरे म्हणजे शेवटचे वर्ष असल्यामुळे तिला नोकरीची पत्रे येऊ लागली आहेत. त्यातील एका पत्राने ती गोंधळात पडली होती. पत्रात 'कॉन्सिअर्ज मेडिसिन' असे शब्द होते, रुग्ण थोडे, वेळ भरपूर आणि उत्पन्न चांगले असे आश्वासन होते.

ती म्हणाली, "काका, तुमचं आयुष्य बँकेत हिशेब करण्यात गेलं. हे प्रकरण जरा तुमच्या पद्धतीनं मांडून बघता का? इथं सांगणारे एक तर विकायला बसलेत, नाहीतर नुसते रागावलेत."

मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने बँकेतील लिपिक. वैद्यकशास्त्रातले मला काही कळत नाही. परंतु जमाखर्च कळतो आणि काउंटरपलीकडची रांग रोज डोळ्यांसमोर असते. तेवढ्या भांडवलावर मी या विषयाची माहिती गोळा केली आणि न समजलेले तिला पुन्हा पुन्हा विचारून घेतले. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी डॉक्टर झालेली किंवा होऊ घातलेली मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी काही परदेशी जातील, आणि असे पत्र त्यांच्याही हाती पडेल. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाचा आग्रह धरला तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले.

१. ही पद्धती म्हणजे काय?

'कॉन्सिअर्ज' हा मूळचा फ्रेंच शब्द आहे. इमारतीच्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची, राहणाऱ्यांच्या गरजांची काळजी घेणारा माणूस, असा त्याचा अर्थ. पुढे मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांची सर्व व्यवस्था लावणाऱ्या माणसाला हे नाव मिळाले, आणि तेथून ते डॉक्टरकीला चिकटले.

या पद्धतीत रुग्ण डॉक्टरला वर्षाची किंवा महिन्याची ठराविक वर्गणी देतो. त्या बदल्यात डॉक्टर आपल्या नावावरच्या रुग्णांची संख्या मर्यादित ठेवतो. वर्गणीदाराला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भेट मिळते. भेट घाईची नसते, अर्धा-पाऊण तास डॉक्टर ऐकून घेतो. डॉक्टरचा स्वतःचा फोन नंबर रुग्णाजवळ असतो. मोठ्या तज्ज्ञाकडे जावे लागले तर डॉक्टर स्वतः बोलून व्यवस्था लावतो, काही ठिकाणी घरीही येतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही वर्गणी म्हणजे आरोग्य विमा नव्हे. शस्त्रक्रिया, रुग्णालयातील मुक्काम, कर्करोगाचे उपचार यांचा खर्च तिच्यात येत नाही. त्यासाठी रुग्णाला विमा वेगळा घ्यावाच लागतो. वर्गणी आहे ती डॉक्टरच्या वेळेची.

या पद्धतीच्या दोन मुख्य शाखा आहेत. पहिल्या शाखेत डॉक्टर वर्गणी घेतो आणि शिवाय नेहमीप्रमाणे विमा कंपनीकडेही बिल पाठवतो. तिलाच सामान्यतः कॉन्सिअर्ज म्हणतात. दुसऱ्या शाखेत विमा कंपनीशी संबंधच ठेवला जात नाही, माफक मासिक वर्गणीत सर्व प्राथमिक उपचार दिले जातात. तिला 'डायरेक्ट प्रायमरी केअर' म्हणतात. दोन्हींची नावे एकत्र घेतली जात असली तरी डॉक्टरच्या दृष्टीने त्या अगदी वेगळ्या वाटा आहेत.

२. ती का निघाली?

हे समजण्यासाठी तिकडची व्यवस्था थोडक्यात पाहू. अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्य विमा बहुधा मालकामार्फत असतो. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या दोन सरकारी योजना १९६५ साली सुरू झाल्या. डॉक्टरला पैसे मिळतात ते बहुतांशी विमा कंपनी किंवा सरकारकडून, आणि तेही प्रत्येक भेटीमागे. प्रत्येक भेटीचे संकेतांक भरायचे, बिल पाठवायचे, नाकारले गेले तर पुन्हा पाठवायचे, महागड्या तपासणीसाठी आधी परवानगी मागायची, असे हे काम आहे. त्यासाठी साध्या दवाखान्यातही वेगळे कर्मचारी ठेवावे लागतात.

भेटीमागे पैसे मिळणार म्हटल्यावर भेटी वाढवाव्या लागतात. तेथील प्राथमिक डॉक्टरच्या नावावर दोन ते अडीच हजार रुग्ण असणे सर्वसाधारण मानले जाते. आता हिशेब मांडू. समजा, रुग्ण २,४०० आहेत आणि प्रत्येक जण वर्षातून तीनदा येतो. म्हणजे ७,२०० भेटी झाल्या. कामाचे दिवस २४० धरले तर रोज ३० रुग्ण होतात. आठ तासांचा दिवस धरला तर एका रुग्णाच्या वाट्याला १६ मिनिटे येतात, आणि त्यातच नोंदी, फोन, औषधांच्या चिठ्ठ्या हे सर्व आले. रुग्ण ६०० केले तर त्याच हिशेबाने रोज सात-आठ जण येतात आणि प्रत्येकाला तासभर देता येतो. या पद्धतीचे सारे मर्म या एका भागाकारात आहे.

नोंदींचे ओझेही लहान नाही. २००९ च्या कायद्याने सरकारने संगणकीय नोंदींना उत्तेजन दिले. त्यानंतर दवाखान्यादवाखान्यांतून संगणक आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, डॉक्टर रुग्णाबरोबर जेवढा वेळ घालवतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जातो. माझी पुतणी म्हणते, "पेशंट बोलत असतो, काका, आणि मी त्याच्याकडे न बघता टाइप करत असते. हे शिकायला मी एवढ्या लांब आले का, असं कधी कधी वाटतं."

त्यातच तेथील विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण संपवतो तेव्हा त्याच्या डोक्यावर साधारणपणे दोन लाख डॉलरचे कर्ज असते. हृदयरोग, अस्थिरोग अशा शाखांत प्राथमिक डॉक्टरपेक्षा पुष्कळ अधिक उत्पन्न आहे. सहाजिकच मुले तिकडे वळतात. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२४ साली असा अंदाज दिला की, २०३६ पर्यंत त्या देशात ८६ हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडू शकतील. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

३. थोडा इतिहास

या पद्धतीची सुरुवात १९९६ साली सिॲटल शहरात झाली असे मानले जाते. तेथील बास्केटबॉल संघाचे डॉक्टर हॉवर्ड मॅरॉन यांनी 'एम.डी. स्क्वेअर' नावाचा दवाखाना काढला. खेळाडूंना जशी डॉक्टरची सेवा हाकेसरशी मिळते, तशी ती पैसे देणाऱ्या कुटुंबांना द्यावी, ही कल्पना. एका डॉक्टरकडे फक्त ५० कुटुंबे आणि वर्षाला हजारो डॉलरची वर्गणी. अर्थात ही श्रीमंतांची सोय होती.

२००० साली फ्लोरिडात 'एम.डी.व्ही.आय.पी.' ही कंपनी निघाली. तिने मध्यमवर्गातील वरच्या थराला परवडेल अशी वर्गणी ठेवली, आरंभी वर्षाला १,५०० डॉलर, आणि एका डॉक्टरकडे ६०० पर्यंत रुग्ण. आज हजाराहून अधिक डॉक्टर तिच्या जाळ्यात आहेत.

अमेरिकन संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २००५ साली या विषयावर अहवाल दिला. त्यांना २००४ मध्ये देशभरात असे अवघे १४६ डॉक्टर सापडले होते. त्यांच्या वार्षिक वर्गण्या ६० डॉलरपासून १५,००० डॉलरपर्यंत होत्या. एका नावाखाली किती निरनिराळे धंदे चालतात हे यावरून ध्यानात येईल.

माफक वर्गणीच्या शाखेचा उगमही सिॲटलचाच. गॅरिसन ब्लिस या डॉक्टरांनी २००७ साली तेथे 'क्लायन्स' ही संस्था काढली. पुढे तिच्यात ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्यासारख्यांनीही पैसे गुंतवले. तरीही २०१७ साली ती बंद पडली. उलट कॅन्सस राज्यातील विचिटा येथे २०१० साली जॉश अंबर यांनी सुरू केलेला 'ॲटलस एम.डी.' हा छोटा दवाखाना टिकला आणि इतरांना नमुना ठरला. तरुणांना महिना ५० डॉलर, वृद्धांना १०० डॉलर, मुलांना १० डॉलर अशी त्यांची वयानुसार वर्गणी लोकांना सहज समजली. मोठे भांडवल असलेली संस्था बुडाली आणि छोटी तगली, ही गोष्ट आम्हा बँकवाल्यांना नवीन नाही.

४. डॉक्टरपुढील वाटा

आता मुख्य विषयाकडे वळू. रेसिडेन्सी संपवलेल्या, किंवा काही वर्षे नोकरी केलेल्या डॉक्टरला या क्षेत्रात पुढील वाटा उपलब्ध आहेत.

(अ) जाळ्यात सामील होणे : वर सांगितलेल्या कंपनीसारख्या संस्थेशी करार करायचा. दवाखाना डॉक्टरचाच राहतो. जाहिरात, सभासद नोंदणी, कायदेशीर सल्ला आणि रूपांतराचे काम कंपनी बघते, आणि वर्गणीतील हिस्सा घेते. समजा, ४०० सभासद आहेत आणि वर्गणी १,८०० डॉलर आहे. वर्षाला ७,२०,००० डॉलर जमा होतात, शिवाय विम्याची बिले वेगळी. त्यातून कंपनीचा हिस्सा, भाडे, परिचारिकेचा पगार, चुकीच्या उपचाराच्या दाव्यांविरुद्धचा विमा हे सर्व वजा करावे लागते. तरीही ही वाट उत्पन्नाची आहे. मात्र ती नवशिक्याची नाही. जुने रुग्ण ज्याच्यावर विश्वास ठेवून वर्गणी भरतील, अशा दहा-पंधरा वर्षे एका गावात काढलेल्या डॉक्टरची ही वाट आहे.

(आ) मिश्र दवाखाना : काही रुग्ण वर्गणीदार आणि बाकीचे नेहमीसारखे विम्यावरचे, अशी सोय. कोणाला दवाखान्याबाहेर घालवावे लागत नाही, हा मोठा गुण. एकाच दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण सांभाळणे, आणि साध्या रुग्णाला आपण दुय्यम आहोत असे न वाटू देणे, ही अडचण.

(इ) स्वतःचा माफक वर्गणीचा दवाखाना : दोन खोल्या, एक परिचारिका, बिलांचा कारकून नाही. समजा, ६०० रुग्ण आणि सरासरी महिना ७५ डॉलर. महिन्याला ४५,००० आणि वर्षाला ५,४०,००० डॉलर येतात. निम्मे खर्चात गेले तर २,७०,००० उरतात. नोकरी करणाऱ्या प्राथमिक डॉक्टरचे वार्षिक उत्पन्नही साधारण अडीच ते तीन लाखांच्या दरम्यान असते. म्हणजे या वाटेने पैसा फारसा वाढत नाही, वेळ वाढतो. पण ६०० रुग्ण पहिल्या दिवशी दारात उभे नसतात. पहिल्या वर्षी १५० जमले तर महिन्याला ११,२५० डॉलरच येतील, आणि ते भाडे व पगारातच संपतील. वर्ष-दोन वर्षांचा घरखर्च हाताशी असल्याखेरीज, किंवा रात्रपाळीची दुसरी नोकरी केल्याखेरीज, ही वाट धरू नये.

या शाखेला अलीकडे कायद्याचे बळ मिळाले आहे. २०२५ साली संमत झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून, महिना १५० डॉलरपर्यंतची अशी वर्गणी, आणि कुटुंबासाठी ३०० डॉलरपर्यंतची, लोकांना आपल्या करमुक्त आरोग्य बचत खात्यातून भरता येते. खात्यातून पैसे वळते होऊ लागले की ग्राहक वाढतो, हे मी अनुभवाने सांगतो.

(ई) पगारी नोकरी : 'वन मेडिकल' ही कंपनी २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाली. सभासदाला वर्षाला १९९ डॉलर, आणि उपचारांचे बिल विम्याकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने ती ३९० कोटी डॉलरला विकत घेतली. अशा ठिकाणी डॉक्टर पगारदार असतो. जोखीम कमी, पण रुग्णांची संख्या ठरवण्याचा अधिकारही त्याच्या हाती नसतो. बाहेर वर्गणीची पाटी असली तरी आत तीच धावपळ असू शकते. कारखाने आणि कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी ठरवलेल्या वर्गणीच्या दवाखान्यांतही अशा नोकऱ्या असतात. त्यांत वर्गणी मालक भरतो, म्हणून साध्या कामगारालाही निवांत डॉक्टर मिळतो.

(उ) मोठ्या रुग्णालयाचा विभाग : बोस्टनच्या प्रसिद्ध मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१६ साली वर्षाला ६,००० डॉलर वर्गणीचा असा विभाग उघडला. त्याच शहरातील टफ्ट्स विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयानेही पूर्वी असा दवाखाना चालवला. त्याचे उत्पन्न साध्या दवाखान्याला आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला हातभार म्हणून देण्याची त्यांची योजना होती. असा हिस्सा जेथे लिहून ठरलेला असेल, तेथे या पद्धतीवरचा आक्षेप थोडा सौम्य होतो.

(ऊ) विशेष शाखा : बालरोग, हृदयरोग, वृद्धांची देखभाल, घरी जाऊन तपासणी यांतही वर्गणीचे दवाखाने निघाले आहेत. ज्यात रुग्णाचा डॉक्टरशी वर्षानुवर्षे संबंध राहतो, तेथेच ही पद्धती जमते. एका शस्त्रक्रियेपुरता येणारा रुग्ण वर्गणी कशाला भरेल?

५. नियमांची कुंपणे

मेडिकेअर ज्या सेवेचे पैसे देते, तिचेच पैसे डॉक्टरला रुग्णाकडून पुन्हा घेता येत नाहीत. वर्गणी ही मेडिकेअरमध्ये न येणाऱ्या सेवांचीच असली पाहिजे. २००४ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी याबाबत डॉक्टरांना जाहीर इशारा दिला. मिनेसोटा राज्यातील एका डॉक्टरने रुग्णांकडून ६०० डॉलरचा करार करून घेतला होता. त्यातील काही सेवा मेडिकेअरमध्ये आधीच येत असल्याचा आरोप झाला आणि ५३,४०० डॉलर भरून त्याला प्रकरण मिटवावे लागले. दुसरा मार्ग म्हणजे मेडिकेअरमधून रीतसर बाहेर पडणे. ते दोन वर्षांसाठी असते, लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि प्रत्येक वृद्ध रुग्णाशी खाजगी करार करावा लागतो. त्या काळात डॉक्टरला इतर ठिकाणी मेडिकेअरचे रुग्ण पाहून बिल लावणेही अवघड होते. म्हणून जोडीला दुसरी नोकरी करू म्हणणाऱ्याने हे आधी तपासावे.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २००३ साली यासाठी नीतिनियम घालून दिले. वर्गणी न भरणाऱ्या जुन्या रुग्णांना वाऱ्यावर सोडू नये, त्यांना दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत मदत करावी. वर्गणी भरल्याने रोगनिदान व उपचार अधिक दर्जेदार मिळतील असे भासवू नये. आणि गरजूंना सेवा देण्याचे कर्तव्य वर्गणीदार मिळाले म्हणून संपत नाही. हे नियम प्रत्येक नव्या डॉक्टरने मूळातून वाचावेत.

६. आपल्याकडून जाणाऱ्या डॉक्टरांसाठी

पत्रात ज्याचा उल्लेख नसतो अशी एक बाब म्हणजे व्हिसा. येथून एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला यू.एस.एम.एल.ई. या परीक्षा आणि ई.सी.एफ.एम.जी. या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवून रेसिडेन्सी करावी लागते. इंटर्नल मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिन यांची रेसिडेन्सी तीन वर्षांची आहे. ती जे-१ व्हिसावर केली तर संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतणे बंधनकारक असते. त्यातून सूट मिळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे 'कॉनरॅड ३०' कार्यक्रम. सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने १९९४ साली तो सुरू झाला. आता प्रत्येक राज्याला वर्षाला ३० डॉक्टरांसाठी अशी शिफारस करता येते. अट अशी की, डॉक्टरांची टंचाई जाहीर झालेल्या भागात, किंवा तेथील रुग्णांसाठी, तीन वर्षे पूर्ण वेळ काम करायचे. या जागांवर मेडिकेअर आणि मेडिकेडचे रुग्ण पाहावेच लागतात. उघड आहे की श्रीमंत उपनगरातला वर्गणीचा दवाखाना यात बसत नाही. या कार्यक्रमाची मुदत तेथील संसद वेळोवेळी वाढवीत आलेली आहे, म्हणून अर्ज करतेवेळची स्थिती पाहावी.

जो डॉक्टर एच-१बी व्हिसावर आहे, तो त्या विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो. आज मनात आले आणि उद्या स्वतःचा दवाखाना थाटला, असे त्याला करता येत नाही. तात्पर्य, कायम वास्तव्याचा परवाना हाती येईपर्यंत आपल्या मुलांसाठी वर्गणीच्या दवाखान्याचा विचार हा बहुधा पुढचा विचार असतो. माझी पुतणी जे-१ वरच आहे. पत्र पाठवणाऱ्याने तिला हे सांगितले नव्हते, विचारलेही नव्हते.

७. रांगेची बाजू

आता नाण्याची दुसरी बाजू. आमच्याही बँकेत मोठ्या ठेवीदारांसाठी आत एक वेगळी खोली आहे. तेथे खुर्ची, पाणी आणि शांतपणे बोलणारा अधिकारी असतो. त्यात गैर काही नाही, ग्राहक खूश होतो आणि काम नीट होते. पण ज्या दिवशी पाच काउंटरपैकी एकावरचा माणूस त्या खोलीत बसवला, त्या दिवसापासून उरलेल्या चार रांगा वाढल्या. पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला त्या खोलीचा पत्ता नाही, तिला फक्त रांग लांबलेली दिसते.

डॉक्टरांचा हिशेब तोच आहे. २,४०० रुग्णांच्या डॉक्टरने दवाखाना बदलला आणि सहांपैकी एकाने वर्गणी भरली, तर ४०० जणांना चांगला डॉक्टर मिळाला आणि २,००० जण दुसरा डॉक्टर शोधायला निघाले. ज्या देशात डॉक्टरांची टंचाई आहे, तेथे ते कोणाच्या दारात उभे राहतील? बहुधा ज्याच्याकडे आधीच अडीच हजार आहेत त्याच्या. मग तोही थकतो आणि त्यालाही असे पत्र येते.

वर्गणीदारांचा तरी किती फायदा होतो? समाधान वाढते यात शंका नाही. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मेडिकेअरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की वर्गणीदार झालेल्यांवरील एकूण वैद्यकीय खर्च ३० ते ५० टक्क्यांनी वाढला. मृत्यूचे प्रमाण मात्र सरासरीने कमी झाल्याचे आढळले नाही.

याला उत्तर म्हणून त्या डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. ते म्हणतात, "थकून डॉक्टरकीच सोडली असती तर ते ४०० रुग्णही गेले असते." हे खोटे नाही. दोष एकट्या डॉक्टरचा नाही, त्याला १६ मिनिटांत बांधणाऱ्या व्यवस्थेचा आहे. माझे म्हणणे एवढेच की, वेळ विकत घेता येणारा माणूस आणि न घेता येणारा माणूस, दोघेही हिशेबात धरावेत. खातेवहीची एकच बाजू लिहून ताळा जमत नाही.

८. सही करण्यापूर्वी

पुतणीला मी प्रश्नांची एक यादी पाठवली. ती इतरांनाही उपयोगी पडेल.

एक : माझ्या नावावर जास्तीत जास्त किती रुग्ण, हे करारात लिहिले आहे काय? तोंडी आश्वासन धरू नये.
दोन : वर्गणीतला कंपनीचा हिस्सा किती, आणि करार मोडला तर रुग्ण कोणाचे?
तीन : नोकरी सोडल्यावर ठराविक मैलांच्या आत दवाखाना न काढण्याची अट आहे काय? कॅलिफोर्नियात अशी अट सहसा टिकत नाही, अन्य अनेक राज्यांत टिकते.
चार : फोन रात्री कोण घेणार? रजेवर गेल्यास रुग्ण कोण पाहणार? चोवीस तास उपलब्ध राहणे कागदावर सोपे असते.
पाच : मेडिकेअरमध्ये राहायचे की बाहेर पडायचे?
सहा : वर्गणी न परवडणाऱ्या जुन्या रुग्णांचे काय होणार? काही जागा सवलतीत किंवा मोफत ठेवता येतील काय?
सात : माझा व्हिसा यात बसतो काय? हे कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाला विचारावे.

आणि आठवी गोष्ट, प्रश्न नव्हे, सल्ला : डॉलरला रुपयाने गुणू नये. कमाई डॉलरची असली तरी भाडे, विमा आणि कर्जाचे हप्तेही डॉलरमध्येच असतात.

समारोप

ही यादी वाचून पुतणीचा पुन्हा फोन आला. तिने वकिलाला विचारले होते. सूट मिळवण्यासाठी टंचाईच्या भागातील तीन वर्षे तिला करावीच लागतील. एका ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्राकडून तिला बोलावणे आले आहे. उत्पन्नानुसार कमी-जास्त फी आकारणारी ही केंद्रे त्या देशात १९६५ पासून आहेत. ती थोडी हिरमुसली होती. म्हणाली, "काका, म्हणजे पुन्हा तीच १६ मिनिटं."

मी म्हणालो, "हो, तीच. पण तीन वर्षांनी दार बंद होत नाही, बाळा. तोवर हात बसेल, चार पैसे शिल्लक पडतील आणि रांगेत कोण उभं असतं तेही तुला कळेल. मग दवाखाना काढलास तर वर्गणी किती ठेवायची, हे तुला कोणा कंपनीला विचारावं लागणार नाही."

त्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग तेव्हा ५० डॉलरवाला काढेन. शंभरातल्या दहा जागा फुकट. हिशेब तुम्ही करून द्या."

तो हिशेब मी करून ठेवला आहे. ६०० रुग्णांत ६० मोफत धरले, आणि बाकीच्या ५४० जणांकडून ५० डॉलर घेतले, तर महिन्याला २७,००० आणि वर्षाला ३,२४,००० डॉलर जमा होतात. त्यातून खर्च वजा जाऊन नोकरीइतके उरणार नाही, हे तिला कळवले आहे. वर्गणी ६५ डॉलर ठेवली तर वर्षाला ४,२१,२०० जमा होतील आणि दवाखाना चालू शकेल, हेही कळवले आहे. कोणता आकडा धरायचा ते तिने ठरवायचे आहे. ज्या घरांतून मुले या व्यवसायात जात आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनीही पगाराचा आकडा विचारतानाच रुग्णांचा आकडा विचारावा, एवढे सुचवून हा लेख संपवतो.